सोबत एक ‘जर’ असू द्या

विज्ञानकथेची गोडी लावून घ्यायची असेल तर सहाशे पानांच्या कादंबरीनं सुरुवात करू नका. आठ सीझनच्या मालिकेनं तर मुळीच नको. एक लघुकथा घ्या. पंधरा-वीस पानांची, एका बैठकीत संपणारी. विज्ञानकथेची सगळी ताकद तिथे एका जागी सापडते. लेखक आपल्या ओळखीच्या जगात एकच गोष्ट बदलतो. पृथ्वीच्या दिशेनं एक धूमकेतू येऊ लागतो, किंवा रात्र दोन हजार वर्षांतून एकदाच होते, किंवा यंत्रमानवाला माणसांच्या मनातलं कळू लागतं. बाकी सगळं तसंच राहतं: हेवेदावे, सरकारी फायली, घरातल्या कुरबुरी. मग त्या एका बदलानं या सगळ्याचं काय होतं, हे लेखक शेवटपर्यंत प्रामाणिकपणे तपासतो. हा सुरुवातीचा ‘जर’ ओळखायची सवय लागली की कथा, सिनेमा, मालिका, इतकंच काय रोजची बातमीसुद्धा जास्त रंगते. पुढच्या सगळ्या सूचना या एका सवयीसाठी आहेत.

मराठी वाचकाला सुरुवातीसाठी मी डोळे झाकून एक कथा सुचवतो: जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि एका वेगळ्याच मुंबईत उतरतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून शाबूत आहे, बोरीबंदरावर इंग्रजी शिस्त आहे, आणि पुण्याकडच्या मुलखात मात्र मराठ्यांचा वारसा सांगणारं राज्य आहे. चक्रावलेले पंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे खंड उघडतात. त्यांनी स्वतःच लिहिलेले! पहिले चार खंड त्यांच्या आठवणीशी जुळतात. पाचव्यात पानिपत येतं आणि तिथून इतिहासाची वाट वेगळी होते. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली. तिथे ती कानाजवळून निघून गेली.

आता ही कथा कशी वाचायची ते पाहा. ‘जर’ केवढासा आहे? बंदुकीच्या गोळीची वाट जरा बदलली, एवढाच. पण त्याचे धागे लेखक कुठवर नेतो? राज्याच्या सरहद्दीपर्यंत, आगगाडीच्या नावापर्यंत, दुकानांच्या पाट्यांपर्यंत, आझाद मैदानावरच्या सभेतल्या अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत. आणि शेवटी हे सगळं स्वप्न होतं असं सांगून तो सुटका करून घेत नाही. पुंजभौतिकीतल्या अनिश्चिततेचा आधार घेऊन, एकाच वेळी अनेक वास्तवं असू शकतात का, हा प्रश्न तो मांडतो. बखरीचं फाटलेलं पान पुरावा म्हणून पंतांच्या खिशात राहतं. पहिल्यांदा कथा नुसती गोष्ट म्हणून वाचा. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घ्या आणि ‘जर’ जिथे जिथे पोचला तिथे समासात बारीक खूण करा. एवढ्या एका अभ्यासानं चांगली विज्ञानकथा आणि नुसती चमत्कारांची गोष्ट यांतला फरक कायमचा कळतो. चमत्काराच्या गोष्टीत बदल नायकापुरता असतो. विज्ञानकथेत तो रस्त्यावरच्या माणसापर्यंत जाऊन पोचतो.

नारळीकरांचीच ‘धूमकेतू’ नंतर वाचा. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वैज्ञानिक अणुस्फोटानं वाटेवरून ढळवतात. पण ज्याला तो प्रथम दिसला त्या दत्तदांच्या घरी मात्र यज्ञ होतो, आणि संकट टळल्याचं श्रेय कोणाला, हा प्रश्न नवरा-बायकोच्या बोलण्यात उरतो. ही कथा लिहून झाल्यावर कित्येक वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२२ रोजी, नासाचं डार्ट हे यान डिमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. स्फोटकं नव्हती, नुसती धडक. त्या धडकेनं डिमॉर्फसच्या प्रदक्षिणेचा वेळ सुमारे अर्ध्या तासानं कमी झाला. आधी तो ११ तास ५५ मिनिटांचा होता. कथा आणि ही बातमी शेजारी शेजारी ठेवून वाचा. लेखकाचं भाकीत खरं ठरलं का, हे मोजत बसू नका. ती विज्ञानकथेची खरी परीक्षा नव्हे. संकट टळल्यावर माणसं काय बोलतील याचा त्याचा अंदाज किती नेमका आहे, ते पाहा. मला ती कथा त्यासाठी मोलाची वाटते.

वाचनासाठी वेळ कुठून आणायचा, ही नोकरदार चाहत्याची खरी अडचण. माझा आग्रह असा की या आवडीला शनिवार-रविवारवर सोडू नका. रविवार लग्नं, पाहुणे आणि बाजारहाट यांतच जातो. ठाण्याहून सीएसएमटीला धीम्या लोकलनं जाईपर्यंत एक मध्यम लांबीची कथा आरामात होते. उभ्यानं प्रवास असेल तर फोनवर वाचा. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांची इंग्रजी पुस्तकं प्रॉजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आणि कायदेशीर मिळतात. वेल्सची १८९५ सालची ‘द टाइम मशीन’ जेमतेम शंभर पानांची आहे, आठवड्याभराच्या प्रवासात संपते. बस किंवा स्वतःची गाडी असेल तर ऐकण्याचा मार्ग आहे, पण एक लक्षात ठेवा: विज्ञानकथा ऐकताना सुरुवातीची दहा मिनिटं सुटली की पुढे काहीच लागत नाही, कारण नव्या जगाचे नियम तिथेच सांगितलेले असतात. म्हणून सिग्नल आणि चौकांच्या गर्दीत नवी कथा सुरू करू नका.

घरी, झोपण्यापूर्वी वाचणाऱ्यांनी संग्रह जवळ ठेवावा. कादंबरीचं पुढचं प्रकरण खुणावत राहतं आणि जागरण होतं. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा १९७९ सालचा संग्रह अजून ताजा वाटतो. त्याच्या जोडीला बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचे संग्रह वाचनालयातून एकेक करून आणा. चौघांचा स्वभाव वेगळा आहे. फोंडके जीवशास्त्राचे संशोधक. शरीर आणि आनुवंशिकता हा त्यांचा घरचा मुलूख. लोंढे माणसाच्या नैतिक पेचाकडे वळतात. त्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ ही कथा इंग्रजीत जाऊन जगभरच्या विज्ञानकथांच्या संकलनात मानानं बसली आहे. लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांनी मिळून लिहिलेली ‘देवांसि जिवे मारिले’ ही कादंबरी मात्र थोडा सराव झाल्यावर घ्या. नारायण धारपांना आपण भयकथांसाठी ओळखतो, पण त्यांची ‘नेनचिम’ मिळाली तर सोडू नका. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरातल्या पदपथांवर जुन्या पुस्तकांत अशा प्रती अजून हाताला लागतात. दिवाळीत ‘धनंजय’ आणि ‘नवल’ या अंकांकडे लक्ष ठेवा. रहस्य आणि भय यांच्या शेजारी विज्ञानकथेला त्यांनी वर्षानुवर्षं जागा दिली आहे.

इंग्रजीत वाचायचं म्हटलं की मराठी माध्यमातून शिकलेले अनेक वाचक बिचकतात. त्यांना माझं सांगणं असं की आयझॅक असिमॉव्हपासून सुरुवात करा. त्याची वाक्यं सरळ, शब्द साधे. १९४१ सालची ‘नाइटफॉल’ घ्या: सहा सूर्य असलेल्या ग्रहावर २०४९ वर्षांतून एकदाच रात्र होते, आणि काळोख कधीच न पाहिलेली माणसं त्या रात्री काय करतात याची ती कथा. मग १९५६ सालची ‘द लास्ट क्वेश्चन’, जी असिमॉव्हची स्वतःची आवडती होती. तिथून आर्थर क्लार्ककडे जाणं सोपं आहे. क्लार्क १९५६पासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत श्रीलंकेत राहिला. पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर फिरणारे उपग्रह एकाच जागी स्थिर दिसतील आणि त्यांच्यामार्फत जगभर संदेश पाठवता येतील, ही कल्पना त्यानं १९४५ साली एका लेखात मांडली होती. आपल्या घरावरची डिश ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते तो त्याच कक्षेत आहे. उर्सुला ली ग्विन आणि चीनचा लिऊ त्सशिन हे त्यापुढचे टप्पे. लिऊची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ कितीही गाजली असली तरी ती पहिली म्हणून घेऊ नका. पन्नासाव्या पानावर थांबाल आणि दोष स्वतःला द्याल.

आपल्या देशातली मुळंही माहीत असावीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ साली बंगालीत एक कथा लिहिली, ज्यात केसांच्या तेलाची बाटली समुद्रात ओतून चक्रीवादळ शांत होतं. पृष्ठताणाचं विज्ञान त्यांनी गमतीत गुंफलं होतं. बेगम रुकैया यांची ‘सुलतानाज ड्रीम’ १९०५ सालची. तिच्यात स्त्रिया राज्य चालवतात, पुरुष पडद्यात राहतात, ढगांतून पाणी उतरवलं जातं आणि सूर्याची उष्णता साठवून वापरली जाते. सव्वाशे वर्षांपूर्वी सौरऊर्जेची आणि स्त्रीशिक्षणाची गाठ एका बाईनं घातली, हे वाचताना आजही अभिमान वाटतो. बाळ फोंडके यांनी संपादित केलेलं ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हे नॅशनल बुक ट्रस्टचं १९९३ सालचं संकलन मिळालं तर इतर भारतीय भाषांतले लेखकही एकाच ठिकाणी भेटतात.

आता सिनेमा. इथे चाहत्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे चुका शोधायला बसणं. ‘ग्रॅव्हिटी’मध्ये हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकापर्यंत पाठीवरच्या यंत्रानं जाता येत नाही, हे खरं आहे. दोन्हींच्या कक्षा वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या कलात आहेत. ‘द मार्शन’मधलं वादळही खरं नाही, मंगळाच्या वातावरणाचा दाब पृथ्वीच्या साधारण एक टक्का, तिथला वारा यान उलथवू शकत नाही. पण एवढं जाणून घेऊन सिनेमा बाजूला ठेवला तर नुकसान तुमचंच. वादळ ही कथेची फक्त सुरुवात आहे. खरा ‘जर’ पुढे आहे: एक माणूस मंगळावर एकटा उरला, अन्न मोजकं, सुटकेला वर्षं लागणार, तर तो काय करील? बटाटे, पाणी, ऑक्सिजन यांचा हिशेब सिनेमा मन लावून करतो. म्हणून तो पास. माझा नियम असा: सुरुवातीला लेखकानं मागितलेली एक सवलत देऊन टाकावी, पण स्वतःच मांडलेला नियम त्यानं मध्येच मोडला तर मात्र माफ करू नये.

या नियमानं पाहिलं तर ‘इंटरस्टेलर’ फार वरचा ठरतो. २०१४ सालच्या या चित्रपटामागे किप थॉर्न हा भौतिकशास्त्रज्ञ सल्लागार होता, आणि २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी त्याला नोबेल मिळालं. कृष्णविवराजवळच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हा तिथला नियम. नायक त्या ग्रहावरून परततो तेव्हा यानावर तेवीस वर्षांचे साठलेले निरोप वाट पाहत असतात, आणि पडद्यावर त्याची मुलं एकामागून एक मोठी होत जातात. सापेक्षतेचा सिद्धान्त एका बापाच्या चेहऱ्यावर वाचायला मिळतो. विज्ञान आणि माणूस यांचं असं लग्न लागलेलं सिनेमात फार क्वचित दिसतं. हा प्रसंग पाहिल्यावर लगेच फोन हातात घेऊ नका. घरात कोणी सोबत असेल तर त्याच्याशी बोला.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा १९६८ सालचा, माणूस चंद्रावर उतरण्याच्या आधीचा. अवकाशात आवाज जायला हवा नाही, म्हणून दिग्दर्शक कुब्रिकनं बाहेरची दृश्यं निःशब्द ठेवली किंवा फक्त संगीत वा श्वास ऐकवला. हा सिनेमा रात्री, दिवे मालवून, मोठ्या पडद्यावर पाहा आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं धीर धरा. तार्कोव्हस्कीचा ‘सोलारिस’ दमून आलेल्या दिवशी लावू नका. तो सुट्टीच्या सकाळचा सिनेमा आहे. ‘अरायव्हल’ मात्र कोणत्याही संध्याकाळी चालतो, आणि तो पाहिल्यावर टेड चियांगची मूळ कथा वाचण्याचा मोह आवरत नाही. आपल्याकडचा आरती कडव यांचा ‘कार्गो’ही पाहा. राक्षस यानातून मेलेल्यांचा पुनर्जन्म घडवतात, ही कल्पना पुराणातली आणि कचेरीतलं कंटाळवाणं काम आपल्या ओळखीचं. सगळीकडे इंग्रजी सबटायटल सुरू ठेवा. तांत्रिक शब्द कानावरून निसटतात, डोळ्यांना दिसले की लक्षात राहतात.

मालिकांबद्दल माझं मत कडक आहे. सलग सहा एपिसोड पाहिले की त्यातला एकही ‘जर’ मनात टिकत नाही. फक्त पुढे काय होणार ही धडपड उरते. आठवड्याच्या दिवशी जेवणानंतर एक एपिसोड, आणि त्यानंतर टीव्ही बंद. या पद्धतीसाठी १९६६ ते १९६९ची मूळ ‘स्टार ट्रेक’ उत्तम. तिच्या एकूण ७९ भागांत बहुतेक कथा एकाच भागात पुऱ्या होतात. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ती पाहिलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. १९९८ सालचा ‘कॅप्टन व्योम’ पाहून वाढलेले आता चाळिशीच्या आसपास आहेत. घरात अशी दोन पिढ्यांची माणसं असतील तर त्यांना एकत्र बसवा. तुमच्याशी बोलायला त्यांच्याकडे खूप असतं. ज्यांना लांब पल्ल्याचीच मालिका हवी त्यांनी ‘द एक्सपान्स’ घ्यावी. यानाचा वेग वाढवताना माणसाच्या शरीरावर येणारा ताण, कमी गुरुत्वात वाढलेल्या लोकांची हाडं, पाणी कोणाच्या मालकीचं हे राजकारण, सगळं तिथे एकाच ‘जर’मधून उगवतं.

मुलांच्या बाबतीत एकच काळजी घ्या: गोष्टीनंतर प्रश्नपत्रिका काढू नका. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठीत आणलं तेव्हा शिकवण्याचा आव आणला नाही. ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ वाचून मुलं आपोआप नकाशे उघडत. मुलाला वाचून दाखवा, मध्येच थांबा, आणि ‘तू असतास तर?’ एवढंच विचारा. उत्तर चूक असलं तरी खोडू नका. लहानांना ‘वॉल-ई’ आणि ‘द आयर्न जायंट’ दाखवा. दहा-अकरा वर्षांच्या पुढे ‘ई. टी.’.

पुस्तकं आणि पडदा यांच्यापलीकडे एक गोष्ट चाहत्याच्या दिनक्रमात असावीच, ती म्हणजे आकाश. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात एक प्रदक्षिणा घालतं. सूर्योदयाच्या आधी किंवा सूर्यास्तानंतर ते साध्या डोळ्यांना, न लुकलुकणाऱ्या ठळक ठिपक्यासारखं, काही मिनिटांत आकाश ओलांडताना दिसतं. तुमच्या गावावरून ते कधी जाणार याच्या वेळा नासा आगाऊ देते. गच्चीवर जा आणि शेजाऱ्यांना बोलवा. त्या ठिपक्यात या क्षणी माणसं आहेत, हे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना १९४४ची; मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा मंडळांच्या आकाशदर्शनाला जा, दुसऱ्याच्या दुर्बिणीतून शनीची कडी पाहा, मग ठरवा. नारायणगावजवळच्या खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे सर्वसामान्यांना प्रवेश मिळतो. ‘कॉन्टॅक्ट’ सिनेमा पाहून मग तिथे गेलात तर त्या तबकड्यांसमोर उभं राहून मनात काय होईल, ते मी सांगायला नको. मुंबईकरांसाठी टीआयएफआर या संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय’ हा उपक्रम आहे. वैज्ञानिकाला समोरासमोर प्रश्न विचारता येतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं होतात.

बातमी वाचण्याची सवयही याच कुटुंबातली. चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलं, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्या रात्री चाहत्यानं वहीत लिहायला हवा होता तो प्रश्न असा: तिथे गोठलेलं पाणी भरपूर निघालं तर ते कोणाचं? वही साधी दोनशे पानी पुरे. वाचलेल्या कथेचा ‘जर’ एका ओळीत, तो कुठवर पोचला ते दुसऱ्या ओळीत, आणि लेखकानं न विचारलेला तुमचा प्रश्न तिसऱ्या ओळीत. यापेक्षा जास्त लिहू नका, नाहीतर महिन्याभरात वही बंद पडते. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची.

एक जबाबदारीही सांगतो, आणि हे मी कळकळीनं सांगतो. ज्याला कल्पनेची खरी ओढ आहे त्यानं कल्पना आणि वस्तुस्थिती यांची गल्लत होऊ देता कामा नये. घरच्या ग्रुपवर प्राचीन विमानांचे निरोप फिरतात. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपास केला, तेव्हा तो विसाव्या शतकातला असल्याचं आणि त्यातली विमानं उडूच शकत नसल्याचं त्यांनी दाखवून दिलं. असा निरोप आला तर भांडू नका, कोणाला हिणवूही नका. एवढंच सांगा की पुष्पक विमान ही थोर कविकल्पना आहे, आणि तिला थोर ठरायला अभियांत्रिकीच्या प्रमाणपत्राची गरज नाही. हे काम विज्ञानकथेच्या वाचकाइतकं दुसरं कोणी चांगलं करू शकत नाही, कारण कल्पनेवरचं त्याचं प्रेम कोणाला शंकास्पद वाटत नाही.

एकट्यानं वाचत राहिलं तर ही आवड काही वर्षांत मंदावते. चार माणसं जमवा. सोसायटीच्या हॉलमध्ये, वाचनालयात, कोणाच्या तरी घरी, महिन्यातून एकदा. एकानं कथा मोठ्यानं वाचायची, अर्ध्या तासाच्या आत संपेल अशीच. वाचून झाल्यावर प्रत्येकानं फक्त वहीतली तिसरी ओळ सांगायची. मग चहा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत नाटक, गणपती, दिवाळी सगळं होतं; तिथेही हे सहज जमेल. दूरच्या देशात, अनोळखी नियमांत घर उभारणाऱ्या माणसांना विज्ञानकथेत स्वतःचं काहीतरी सापडतं, असं मला ठामपणे वाटतं.

आणि एवढं सगळं केल्यावर हात शिवशिवू लागले तर लिहा. मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली, आणि १९७४ साली त्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा कळलं की हे जयंत विष्णु नारळीकर; आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली होती. नावाचं वजन बाजूला ठेवून कथेची पारख व्हावी, एवढीच त्यांची इच्छा. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. नवशिक्यानं यातून घ्यायचं ते हे की स्पर्धेत परीक्षकांसमोर फक्त कागद असतो.

लिहिताना दूरच्या आकाशगंगेत धावू नका. तुमच्या तालुक्यात राहा. समुद्राची भरती दर पंधरवड्याला कोकणातल्या खाचरांत हातभर अधिक आत येऊ लागली तर गावातले सातबारे कोणी आणि कसे बदलायचे? सोलापूरकडे हवेतलं बाष्प धरून पाणी करणारं यंत्र स्वस्त झालं तर टँकरवाल्याच्या राजकारणाचं काय होईल? दहावीतल्या मुलाचं विस्मरणच औषधानं थांबलं तर त्याच्या आजीला ते औषध द्यायचं की नाही? यातला प्रत्येक ‘जर’ एका कथेला पुरतो, आणि ती कथा तुमच्याइतकी न्यूयॉर्कच्या किंवा बीजिंगच्या लेखकाला लिहिता येणार नाही. पहिला खर्डा झाला की कुठलाही शास्त्रीय तपशील त्या विषयातल्या शिक्षकाला दाखवा. आपल्या गावच्या महाविद्यालयातले प्राध्यापक अशा प्रश्नांनी खूष होतात, वेळ देतात.

आजच्या आज करण्यासारखं एक काम सांगतो. जवळच्या वाचनालयात जा आणि विज्ञानकथांचं कपाट कोणतं ते विचारा. वेगळं कपाट नसेल, पुस्तकं इकडेतिकडे विखुरलेली असतील, तर ग्रंथपालांशी बोलून ती एका जागी आणण्यासाठी रविवारचे दोन तास द्या. तुमच्यामागून येणाऱ्या वाचकाला ती शोधावी लागू नयेत.